दोन वाक्यें आणि एक ‘परंतु’

योहानकृत शुभवर्तमानाचा सातवा अध्याय जेथें संपतो आणि आठवा जेथें सुरू होतो, त्या सांध्यावर अवघ्या बारा वचनांची एक कथा आहे. व्यभिचार करतांना पकडलेल्या एका स्त्रीला शास्त्री आणि परूशी मंदिरांत येशूपुढें आणून उभी करतात, अशा स्त्रीला धोंडमार करावी ही मोशेची आज्ञा त्याच्या कानावर घालतात, आणि तुमचें मत काय म्हणून विचारतात. येशू खालीं वांकून बोटानें जमिनीवर कांहीं लिहूं लागतो. फारच आग्रह झाला तेव्हां, ज्याच्या पदरीं पाप नसेल त्यानें दगड उचलण्यास आरंभ करावा, एवढेंच तो सुचवितो आणि पुन्हा लिहूं लागतो. प्रथम वडील मंडळी, मग बाकीचे, असे एकेक करून सारे निघून जातात. मागें उरलेल्या स्त्रीला तो दोन गोष्टी सांगतो. पहिली ही कीं, आपणहि तिला दोषी ठरवीत नाहीं. दुसरी ही कीं, तिनें आतां जावें व यापुढें पाप करूं नये. कथा येथें संपते.

प्रीति व स्वीकार आणि परंपरागत लैंगिक नीति यांचा मेळ कसा घालावा, हा आजच्या ख्रिस्ती समाजांतील अत्यंत कडाक्याचा वाद आहे. घटस्फोटानंतर पुन्हा विवाह केलेलीं माणसें, विवाहावांचून एकत्र राहणारीं माणसें, आणि विशेषतः समलिंगी जोडपीं यांच्याविषयीं चर्चनें काय म्हणावें, या प्रश्नावरून शेंकडों वर्षांच्या जुन्या संस्था दुभंगण्याच्या बेतास आल्या आहेत. या वादांतील दोन्ही पक्ष हटकून वरील कथेकडे धांव घेतात. एक पक्ष पहिलें वाक्य उच्चारून थांबतो. दुसरा तें घाईघाईनें उरकून दुसऱ्या वाक्यावर येतो, आणि येतांना दोहोंच्या मध्यें एक ‘परंतु’ ठेवून देतो. मूळ ग्रीक संहितेंत हा ‘परंतु’ नाहीं. तो कोठून आला व त्यानें काय काय केलें, एवढाच आमच्या लेखाचा विषय आहे. धर्मनिर्णय देण्याचा आमचा अधिकार नाहीं व तशी हौसहि नाहीं. परंतु एखादा उतारा पुनःपुन्हा अर्धाच वाचला जात असेल तर तें सांगणें हें टीकाकाराचें काम आहे.

प्रथम कथा म्हणूनच ही कथा पाहूं. तिची रचना सापळ्याची आहे. शिक्षा द्या म्हटलें तर दयेचा उपदेश खोटा ठरतो. देऊं नका म्हटलें तर मोशेचा द्रोह घडतो. विचारणारांना त्या स्त्रीशीं कांहींएक कर्तव्य नाहीं. ती त्यांच्या हातांतील आमिष आहे. शिवाय ज्या नियमशास्त्राचा ते आधार घेतात, त्यांतील लेवीय आणि अनुवाद या दोन्ही ग्रंथांत ही शिक्षा पुरुष व स्त्री दोघांनाहि सांगितलेली आहे. स्त्री प्रत्यक्ष कृत्य करतांना सांपडली म्हणतात. मग पुरुष कोठें गेला? याविषयीं कथाकार अवाक्षर काढीत नाहीं, येशूहि विचारीत नाहीं, आणि पुढील अनेक शतकांतील प्रवचनकारांपैकींहि थोड्यांनाच ही विचारपूस करण्याची गरज वाटली. जमिनीवर काय लिहिलें यावर मात्र भाष्यकारांनीं पुष्कळ तर्क लढविले आहेत. जेरोमच्या मतें तीं आरोप करणारांचीं पापें होतीं. आम्हांस असें वाटतें कीं, तें न सांगण्यांतच कथाकाराचें शहाणपण आहे. लिहिण्याच्या त्या कृतीनें इतकें खास झालें असेल कीं, सगळ्यांचे डोळे क्षणभर त्या स्त्रीवरून निघून जमिनीकडे वळले असतील.

आणखी एक गोष्ट वाचणाराच्या नजरेंतून सुटते. ती स्त्री या कथेंत पश्चात्ताप करीत नाहीं. ती रडत नाहीं, पायां पडत नाहीं, क्षमा मागत नाहीं. तिच्या तोंडीं एकच लहानसें उत्तर आहे, आणि तेंहि विचारल्यावरून दिलेलें. पुढें तिनें काय केलें हेंहि कथाकारानें सांगितलेलें नाहीं. तेव्हां पहिल्या वाक्याला कसलीहि अट जोडलेली नाहीं. तिला मोकळें केलें जातें, आणि मोकळी झालेल्या माणसाला उद्देशून दुसरें वाक्य येतें. मध्यें ‘परंतु’ घातला कीं हा क्रम उलटतो. पहिलें वाक्य उदारपणाची प्रस्तावना होऊन बसतें आणि खरें बोलणें दुसऱ्यापासून सुरू होतें. तुमच्यावर आमची प्रीति आहे, परंतु... असें ज्याला कोणी कधीं ऐकविलें असेल, त्याला त्या तीन टिंबांपूर्वींचे शब्द किती हलके असतात हें सांगावयास नको.

या कथेचा ग्रंथेतिहास तिच्याइतकाच विलक्षण आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ज्या अतिप्राचीन पपायरस-प्रती उपलब्ध आहेत, त्यांत ती नाहीं. चौथ्या शतकांतील सिनाई आणि व्हॅटिकन या दोन थोर हस्तलिखितांतहि नाहीं. पांचव्या शतकांतील बेझा हस्तलिखितांत ती आहे. पुढील काळच्या हस्तलिखितांच्या एका गटांत ती योहानांत नसून लूकच्या एकविसाव्या अध्यायाच्या शेवटीं जाऊन बसली आहे. जेरोमनें आपल्या लॅटिन भाषांतरांत तिला जागा दिली, आणि ग्रीक व लॅटिन अशा पुष्कळ प्रतींत ती सांपडते असें लिहून ठेविलें. ती मूळची योहानाची नसून मागाहून त्यांत आलेली, परंतु बरीच जुनी अशी कथा होय, असें आजच्या बहुतेक संशोधकांचें मत आहे, व छापील ग्रीक आवृत्त्यांत ती दुहेरी कंसांत घातलेली असते. अशी ही बिऱ्हाड शोधीत हिंडणारी कथा! तिला दारांत घेण्यास इतके दिवस कां लागले?

ऑगस्टिननें याचें जें कारण दिलें, तें इ. स. ४१९-२० च्या सुमारास व्यभिचारविषयक विवाहप्रश्नांवर लिहिलेल्या त्याच्या ग्रंथांत आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा कीं, कांहीं अल्पश्रद्ध पुरुषांनीं, आपल्या बायकांना पाप करण्याची मुभा मिळेल या भीतीनें, हा उतारा आपल्या प्रतींतून काढून टाकला. ग्रंथेतिहास म्हणून हें अनुमान आज टिकत नाहीं. परंतु वाचकांच्या मनाची साक्ष म्हणून तें अमोल आहे. कथा ऐकून पुरुषांना भीति कसली वाटली? आपल्या बायकांची! आपल्या स्वतःच्या हातांतील दगडाची नव्हे. ऑगस्टिन स्वतः नीतीच्या बाबतींत कोणाहूनहि सैल नव्हता. दुसऱ्या वाक्याकडे बोट दाखवून त्यानें या पुरुषांना उत्तर दिलें. तेव्हां दुसऱ्या वाक्याचा पहिला मोठा उपयोग पहिल्या वाक्याला वांचविण्यासाठीं झाला, ही गोष्ट आजच्या भांडणाऱ्यांनीं ध्यानांत घेण्यासारखी आहे.

याहूनहि चमत्कारिक पुरावा तिसऱ्या शतकांतील आहे. सिरियांत रचलेल्या डिडास्कालिया नांवाच्या नियमग्रंथांत बिशपांना बजावलें आहे कीं, पश्चात्ताप करून परत येणाऱ्याला जो दूर लोटील तो अपराधी होय. आणि दाखला म्हणून हीच कथा सांगितली आहे. तेथें कथा पहिल्या वाक्यावरच संपते. पुन्हा पाप न करण्याची आज्ञा त्या कथनांत नाहींच. यावरून ती आज्ञा मागाहून चिकटविलेली आहे असा निष्कर्ष काढण्यास आम्ही तयार नाहीं, कारण दाखला देणारा मनुष्य आपणांस हवा तेवढाच भाग घेतो. पण हेंहि खरें कीं, ज्या ग्रंथांत कथेंतील आज्ञा नाहीं, त्याच ग्रंथांत कथेंत नसलेला पश्चात्ताप आधींच येऊन बसला आहे. एक बाजू हलकी झाली म्हणून दुसऱ्या बाजूला वजन टाकावें, तसें हें दिसतें.

त्याच शतकाच्या पूर्वार्धांत टर्टुलियननें शुचितेवर जो जहाल ग्रंथ लिहिला, त्याचें निमित्तच असें होतें कीं, एका बिशपानें व्यभिचारासारख्या पापांनाहि प्रायश्चित्तानंतर क्षमा मिळेल असें जाहीर केलें होतें. हें फर्मान लावणार तरी कोठें, दुराचाराच्या दारांवरच ना, अशा अर्थाचा उपरोध त्यानें केला आहे. त्या सबंध ग्रंथांत व्यभिचारिणीच्या कथेचा उल्लेख नाहीं. त्याला ती ठाऊक असती तर त्यानें तिचें काय केलें असतें, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. टर्टुलियनचा संताप मात्र आम्ही थट्टेवारी नेत नाहीं. छळाच्या दिवसांत जीव पणास लावून ज्यांनीं नीति सांभाळली, त्यांना क्षमेचें स्वस्त वांटप पाहून आपल्या त्यागाचा अपमान झाल्यासारखें वाटलें असेल. परंपरागत नीतीचे जे अनुयायी आज एकाकी ब्रह्मचर्य पत्करून राहतात, त्यांत स्वतः समलिंगी असलेलेहि आहेत. आणि त्यांचें दुःख याच जातीचें आहे. स्वीकाराची भाषा करणारे त्यांना बहुधा विसरतात.

असो. कथा सोडून तिच्या नांवानें काय झालें तें पाहिलें म्हणजे शब्दक्रमाचा प्रश्न केवळ वैयाकरणांचा राहत नाहीं. लूकच्या सातव्या अध्यायांत एक पापी स्त्री येशूच्या पायांस अश्रूंनीं भिजविते. ती कोण हें लूक सांगत नाहीं. परंतु सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीनें तिला मरिया मग्दालियेशीं एकरूप करून टाकलें, आणि पश्चिमेकडील ‘पतित’ स्त्रियांच्या आश्रमांना मग्दालियेचें नांव मिळालें. आयर्लंडांतील मॅग्डलीन धुलाईघरें हीं अशींच. जोगिणींच्या देखरेखीखालीं, कित्येकदां बंद दारांआड, अविवाहित माता आणि कुटुंबाला नकोशा झालेल्या मुली तेथें बिनमोल कपडे धूत असत. शेवटचें धुलाईघर १९९६ सालीं बंद झालें. २०१३ सालीं आयर्लंडच्या पंतप्रधानांनीं राष्ट्राच्या वतीनें त्या स्त्रियांची क्षमा मागितली. त्या दारांवर प्रीतीची पाटी होती. आंत मात्र दुसऱ्या वाक्याचें राज्य होतें, आणि पहिलें वाक्य कोणीं कधीं उच्चारलेंच नव्हतें. बेपत्ता पुरुष येथेंहि बेपत्ताच राहिला.

त्याला शोधून काढण्याचें काम धर्मशास्त्रापेक्षां कादंबरीनें चांगलें केलें. हॉथॉर्नच्या ‘द स्कार्लेट लेटर’ (१८५०) मध्यें हेस्टर प्रिन छातीवर लाल अक्षर लावून बोस्टनच्या चौथऱ्यावर उभी आहे, आणि तिनें आपल्या सोबत्याचें नांव सांगावें म्हणून वरच्या सज्जांतून तिला उपदेश करणारा तरुण धर्मोपदेशक हाच तो सोबती आहे. टॉल्स्टॉय त्याच्याहि पुढें गेला. ‘पुनरुत्थान’ (१८९९) या कादंबरीच्या आरंभीं त्यानें शुभवर्तमानांतील जीं वचनें घातलीं आहेत, त्यांत या कथेंतील दगडाचें वचन आहे. खुनाच्या आरोपाखालीं कात्यूशा मास्लोवा ही वेश्या कोर्टापुढें उभी आहे, आणि जिनें एके काळीं त्याच्यावर विश्वास टाकला तिला भ्रष्ट करून सोडून देणारा प्रिन्स नेख्ल्यूदोव ज्यूरीच्या बांकावर बसला आहे. ज्याला तिच्या शेजारीं उभें राहावयाचें तो दगड घेतलेल्यांत बसला आहे! मास्लोवाचा हेतु जीव घेण्याचा नव्हता, हे शब्द आपल्या निर्णयांत लिहावयास ज्यूरी विसरते आणि तेवढ्यानें ती सक्तमजुरीस सैबेरियांत जाते. एक वाक्यांश असण्या-नसण्यानें माणसाचें काय होतें, हें याहून कोणीं नेमकें दाखविलेलें आमच्या वाचनांत नाहीं.

परंतु या कादंबरींतील खरें धैर्य पुढें आहे. पश्चात्तापानें पोळलेला नेख्ल्यूदोव तुरुंगांत जाऊन तिच्याशीं लग्न करण्याची तयारी दाखवितो, तेव्हां ती खवळते. पूर्वीं आपल्या देहाचा भोग घेतला, आतां आपल्या निमित्तानें स्वतःचा उद्धार साधूं पाहतोस, असा तिच्या बोलण्याचा रोख आहे. स्वीकार करणाऱ्याच्या अहंकाराची इतकी निर्दय उलटतपासणी ख्रिस्ती वाङ्मयांत विरळा. कादंबरीचा शेवट मात्र कच्चा आहे. सारा गुंता शुभवर्तमानाच्या वाचनानें सोडविलेला चेखॉव्हला रुचला नव्हता, आणि तें योग्यच होतें. रशियन चर्चनें १९०१ सालीं टॉल्स्टॉयला आपल्याबाहेरचा ठरविलें, त्यांत या कादंबरींतील उपासनेच्या विडंबनाचाहि वांटा होता. तिच्यांतल्या मास्लोवाचें उत्तर मात्र कोणत्याच चर्चनें दिलें नाहीं.

मराठी वाचकाला या प्रश्नाचें एक घरचें उदाहरण आहे. पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथील भगिनींच्या मठांत राहत असतां, त्यांच्या लंडनजवळील फुलहॅम येथील शाखेंत त्यांनीं पतित स्त्रियांसाठीं चाललेलें काम पाहिलें. कुलीन घराण्यांतील स्त्रिया अशा बायकांची शुश्रूषा कां करतात हें त्यांनीं विचारलें, तेव्हां त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायांतील शोमरोनी स्त्रीची कथा दाखविण्यांत आली. बाईंनीं १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनांत हा प्रसंग आपल्या मनःपरिवर्तनाचें मूळ म्हणून सांगितला आहे. त्या कथेंतला क्रम पाहावा. विहिरीवर आलेल्या त्या स्त्रीजवळ येशू आधीं पिण्यास पाणी मागतो. तिच्या पांच नवऱ्यांची आणि आतांच्या नवरा नसलेल्या सोबत्याची गोष्ट बऱ्याच वेळानें निघते, आणि तीहि दडविली जात नाहीं कीं तीवरून तिला धिक्कारलें जात नाहीं. ज्या परजातीच्या स्त्रीच्या हातचें पाणी त्याच्या जातभाईंना चालत नसे, तिचा तो आधीं याचक होतो. मराठी वाचकाला या पाण्याचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाहीं. रमाबाईंनीं पुढें केडगांवास मुक्तिसदनांत अशा स्त्रियांसाठीं कृपासदन काढलें. ख्रिस्ती मतांतील कित्येक सिद्धान्तांवर त्या आपल्या गुरुभगिनींशीं वर्षेंच्या वर्षें पत्रांतून भांडल्या. फुलहॅमला जें पाहिलें त्यावर मात्र त्या कधीं भांडल्या नाहींत. नीतीच्या बाबतींत त्या अत्यंत कडक होत्या. कृपासदनांतील कोणा बाईनें दुसरें वाक्य ऐकलें नसेल असें संभवत नाहीं. पण तें ऐकण्यापूर्वीं तिला अंथरूण, अन्न आणि नांवानें हांक मारणारें माणूस मिळालें होतें.

आतां अलीकडचे कागद. १९९८ सालीं कँटरबरी येथें भरलेल्या लँबेथ परिषदेंत जगभरच्या अँग्लिकन बिशपांनीं ५२६ विरुद्ध ७० मतांनीं जो ठराव केला, त्यांत समलिंगी संबंध शास्त्राशीं विसंगत ठरविले आहेत, आणि अशा व्यक्तींवर देवाची प्रीति आहे असें आश्वासन देऊन त्यांचे अनुभव ऐकून घेण्याचें वचनहि दिलें आहे. दोन्ही वाक्यें एकाच ठरावांत आहेत. म्हणूनच गेलीं पंचवीसांवर वर्षें प्रत्येक पक्ष त्यांतील आपापलें वाक्य उद्धृत करीत आहे. रोमन कॅथॉलिक चर्चच्या १९९२ च्या प्रश्नोत्तरसंग्रहाचा प्रकार असाच आहे: लागोपाठच्या परिच्छेदांत एकीकडे कृत्यांचा कठोर निषेध आणि दुसरीकडे व्यक्तींविषयीं आदर व करुणा यांची आज्ञा. तत्कालीन पोप फ्रान्सिस यांनीं २०१६ सालीं कुटुंबविषयक पत्र काढलें, त्यांतील अत्यंत वादग्रस्त सवलत मजकुरांत नसून तळटीपेंत होती! त्याच वर्षाच्या अखेरीस काढलेल्या पत्राचें नांव त्यांनीं ऑगस्टिनच्या याच कथेवरील प्रवचनांतून घेतलें, जेथें तो म्हणतो कीं, सारे निघून गेल्यावर दोघेंच उरलीं, एक दीन स्त्री आणि एक मूर्तिमंत दया. मग २०२३ च्या डिसेंबरांत एक योगायोग घडला. १७ तारखेपासून इंग्लंडच्या चर्चनें समलिंगी जोडप्यांसाठीं नेहमींच्या उपासनेच्या ओघांत म्हणावयाच्या प्रार्थना मोकळ्या केल्या, विवाहाची व्याख्या मात्र जशीच्या तशी ठेवून. आणि १८ तारखेस रोमनें अशा जोडप्यांना आशीर्वाद देण्यास अनुमति दिली, तो विधीसारखा वा विवाहासारखा दिसतां कामा नये या अटीवर. पुढच्याच महिन्यांत रोमहून खुलासा आला कीं, असा आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा असावा. आफ्रिकेंतील बिशपांनीं तेवढाहि आपल्याकडे देतां येणार नाहीं असें कळविलें.

या कागदांचा उपहास करणें सोपें आहे, आणि तळटीपा व सेकंद मोजणारी दया पाहून तो मोह होतो. पण त्यांच्या अडचणीला एक खरें कारण आहे. या वादांतील मूळ प्रश्न, समलिंगी प्रीति ही पापाच्या सदरांत पडते कीं नाहीं, हा त्या बारा वचनांनीं सुटणारा नाहीं. जे म्हणतात पडत नाहीं, त्यांनीं या कथेचा आश्रय घेणें हें वस्तुतः आपल्याच पक्षाची हानि करणें होय. वीस वर्षें एकमेकांशीं एकनिष्ठ राहिलेल्या दोघांना व्यभिचारांत पकडलेल्या स्त्रीच्या जागीं उभें करून मग त्यांना माफ करणें हें त्यांना कसें मानवेल? पहिल्या वाक्यांत अर्थ आहे तो दोष ठरविण्याजोगें कांहीं तेथें होतें म्हणूनच. त्यांनीं आपला वाद पौलाच्या पत्रांवर आणि सृष्टिक्रमाच्या अर्थावर घालावा, व घालणारे घालतातहि. उलट, जे पडते म्हणतात, त्यांना दुसरें वाक्य आहे हें कबूल; परंतु तें कोणीं उच्चारलें हें त्यांनीं पाहावें. ती स्त्री आणि दगड यांच्या मध्यें जो बसला होता, त्यानें. ज्यानें ही कथा योहानाच्या आठव्या अध्यायांत आणून ठेविली, त्यानें मोठ्या मर्मज्ञतेनें जागा निवडली म्हणावयास हवें, कारण त्याच अध्यायाच्या अखेरीस मंदिरांतील लोक पुन्हा दगड उचलतात, आणि या खेपेस ते येशूवर उचललेले असतात. दुसरें वाक्य बोलण्याचा अधिकार त्याला या संकटांतून मिळालेला आहे. तो अधिकार ठराव करून बहुमतानें मिळत नाहीं, मग तें बहुमत कोणत्याहि बाजूचें असो.

येशूनें त्या स्त्रीला या दोन वाक्यांपूर्वीं एक प्रश्न विचारला होता, आणि तिच्याशीं त्या प्रसंगीं कोणी बोललें असें कथेंत तेवढेंच एक उदाहरण आहे. बाकीचे सारे तिच्याविषयीं बोलत होते. लँबेथच्या ठरावांतील ऐकून घेण्याचें वचन दीर्घकाळ कागदावरच राहिलें. २०२० सालीं इंग्लंडच्या चर्चनें ‘लिव्हिंग इन लव्ह अँड फेथ’ हा भला थोरला ग्रंथ प्रसिद्ध केला. तो कोणताच निर्णय देत नाहीं म्हणून दोन्ही पक्षांनीं त्याला नांवें ठेविलीं. त्यांतील शास्त्रार्थाचा भाग विद्वत्तापूर्ण आहे, पण वाचतांना दमछाक होते. मधून मधून मात्र निरनिराळ्या तऱ्हेचीं ख्रिस्ती माणसें आपापल्या जीवनाविषयीं काय म्हणतात तें दिलें आहे. तीं पानें आम्हांस उरलेल्या सर्व ग्रंथाहून अधिक मोलाचीं वाटलीं, आणि तीं थोडीं आहेत ही आमची त्या ग्रंथाविरुद्ध मुख्य तक्रार आहे.